एआय असिस्टंटला आपल्या कोडमध्ये नीट शोधायला कसं लावायचं

ऐरोलीच्या ऑफिसात आम्ही हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, कोड जुना आणि खूप मोठा, आणि एआय असिस्टंटला साधा बदल सांगितला तरी तो फाइलीच्या फाइली वाचत सुटायचा, टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर एआयचा वापर मोजतात) उडायचे आणि व्याजाचं फंक्शन आधीच असताना दुसरं नवीन लिहून ठेवायचा. मॉडेल बदलून पाहिलं, तेच. शोधायची पद्धत लावून दिली तेव्हा कुठे फरक पडला, ती सांगतो.

आधी रिपग्रेप टाका, म्हणजे फाइलींमध्ये शब्द शोधणारं कमांड लाइनचं टूल, मॅकवर होमब्रूने, उबुंटूवर ॲप्टने. २०१६ मध्ये आलेलं, रस्टमध्ये लिहिलेलं, जाम फास्ट आहे, व्हीएस कोडचा सर्चही आतून हेच वापरतो. कमांड दोनच अक्षरांची, आरजी.

मग प्रोजेक्टच्या रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, असिस्टंटने वाचायच्या सूचनांची एजंट्स डॉट एमडी फाइल करा (क्लॉड कोड हा असिस्टंट असेल तर क्लॉड डॉट एमडी) आणि त्यात स्पष्ट लिहा की आधी आरजीला डॅश स्मॉल एल लावून फक्त फाइलींची नावं काढ, मग त्यातल्या कामाच्या फाइलीत डॅश कॅपिटल सी तीन लावून आजूबाजूच्या तीन-तीन ओळी बघ, आणि त्यानंतरच लागेल तेवढा भाग वाच. नवीन फंक्शन लिहायच्या आधी तसलं काही आहे का ते शोधलंच पाहिजे, हेही लिहा.

आता आपल्याकडची खरी गोम. आमच्या कोडमध्ये थकबाकी, हप्ता असे शब्द रोमन स्पेलिंगमध्ये आहेत, थकबाकीत 'क' नंतर कुणी 'ए' टाकलाय, कुणी नाही, आणि असिस्टंट एकच स्पेलिंग शोधून "असं काही नाहीये" म्हणून मोकळा. त्या 'ए'च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की दोन्ही स्पेलिंग सापडतात, सोबत डॅश आय लावा म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा घोळ नको. अशा शब्दांची छोटी यादी, अर्थासकट, त्याच फाइलीत टाका, याचा फायदा मला सगळ्यात जास्त झालाय.

अजून एक, गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइली रिपग्रेप स्वतःहून बघत नाही, म्हणून जनरेट झालेला कोड सापडत नसेल तर डॉट इग्नोर नावाची फाइल करून त्यात नावाआधी उद्गारचिन्ह लावून तो फोल्डर लिहा, मग दिसतो.

अर्थावरून शोधणारी एम्बेडिंगवाली (कोडचा अर्थ आकड्यांत साठवणारी) टूल्सही एमसीपीने, म्हणजे असिस्टंटला बाहेरची टूल्स जोडायच्या पद्धतीने, जोडता येतात, शब्दच माहीत नसेल तेव्हा खूप उपयोगी, पण त्यांनी साठवलेला इंडेक्स शिळा झाला की डिलीट केलेला कोडही दाखवतात, आणि कोड बाहेरच्या सर्व्हरवर जातो का ते जोडण्याआधी कंपनीत विचारून घ्या.

सेटअप झाला की उत्तर तुम्हाला आधीच माहितीय असे चार-पाच प्रश्न विचारा, लेट फी कुठे लागते, पावती नंबर कुठे बनतो असे, आणि तो कुठली सर्च चालवतोय ते स्क्रीनवर बघत बसा, जिथे चुकेल तिथे एजंट्स फाइलीत एक ओळ वाढवा.