न गाणाऱ्यांसमोरचे माईक: कुणाला, कशाला आणि कसे लावायचे

गोंधळ असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो नाहीतर गावातला सप्ताह, समोर बसलेल्या माणसांतून एक प्रश्न हमखास येतो की गाणारा तर एकच आहे, मग संबळवाल्यापुढं, पेटीवाल्यापुढं, मागं टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांपुढं माईक कामून लावलेत. हे फक्त ऐकणारेच विचारतात असं नाही, नवीन साउंड घेतलेली पोरंसुद्धा विचारतात, कारण त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं आठ माईक लाव, ते आठ लावतात, आठच्या आठ चालू ठेवतात आणि मग स्पीकरचाच आवाज परत माईकमध्ये शिरून रात्रभर शिट्टी वाजत राहते. माझं म्हणणं एवढंच आहे की न गाणाऱ्यासमोरच्या प्रत्येक माईकला एक ठरलेलं काम असतं, ते काम काय आहे ते आधी ठरवा, मग माईक लावा, आणि काम नसेल तेव्हा तो बंद पाहिजे.

पहिलं काम: माईक माणसाला नसतो, वाद्याला असतो

बऱ्याच वेळा लांबून बघणाऱ्याला वाटतं की माईक तोंडासमोर आहे, पण जवळ जाऊन बघितलं तर तो वाद्याकडं वळवलेला असतो. आपल्याकडं सगळ्यात जास्त गडबड मृदंगाची होते. सप्ताहातल्या कीर्तनात मृदंगवाला गळ्यात मृदंग अडकवून उभा असतो, रंगात आला की पुढंमागं सरकतो, आणि स्टँडवरचा माईक जागेवरच राहतो, मग कधी आवाज दणकन येतो तर कधी गायब. त्यासाठी वाद्यालाच अडकणारे छोटे क्लिपवाले माईक मिळत असतील तर ते दोन लावा, एक शाईच्या (बारीक आवाजाच्या) बाजूला, एक धुमेच्या (खोल आवाजाच्या). हे माईक बहुतेक कंडेन्सर असतात, त्यांना मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ते बटण दाबलेलं नसेल तर माईक खराब आहे असं समजून माणसं उगीच केबल बदलत बसतात. बटण दाबताना मात्र मिक्सरवरचा तो चॅनेल, म्हणजे त्या माईकची रांग, म्यूट (बंद) ठेवा, नाहीतर टॉपमधून, म्हणजे मोठ्या स्पीकरमधून, असा धडाका येतो की स्पीकरलाच धोका.

क्लिप नसेल तर दोन साधे डायनॅमिक (फँटम पॉवर न लागणारे) माईक, दोन बुटके स्टँड, आणि मृदंगवाल्याला हात जोडून विनंती की बाबा जागेवर उभं राहा. माईक पानापासून, म्हणजे वाजवायच्या चामड्यापासून, चार बोटं ते एक वीत लांब ठेवा, थोडा तिरपा, म्हणजे हात लागणार नाही. धुमेला कणीक लावलेली असते, तिचा खालचा आवाज खोल असतो, तर त्या चॅनेलवर लो-कटचं बटण दाबू नका, नाहीतर जी घुमार ऐकायला माणसं येतात तीच कापली जाते.

संबळाचं उलटं आहे. काठ्यांनी वाजणारं वाद्य, आधीच लई मोठा आवाज, छोट्या मांडवात त्याला माईकच लागत नाही. तरी लावतात, आणि त्याची दोन कारणं बरोबर आहेत. एक म्हणजे मैदान मोठं असेल आणि शेवटच्या रांगेला गायकाचा आवाज स्पीकरमधून अन् संबळ मात्र स्टेजवरून थेट असा येत असेल, तर ताल मागं पडल्यासारखा वाटतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो आणि गर्दीत पुढचा स्पीकर तुमच्या जवळ, स्टेज लांब. दुसरं म्हणजे व्हिडिओ शूटिंग. संबळाचा माईक स्पीकरला न देता फक्त रेकॉर्डिंगला द्यायचा, म्हणजे घरी मोबाईलवर बघणाऱ्याला संबळ नीट ऐकू येतो आणि मांडवात कुणाचे कान फाटत नाहीत. हा उपाय मला फार आवडतो, लोक करत नाहीत. एकच माईक लावणार असाल तर दोन्ही तोंडांच्या मधोमध, वरून, साधारण फूटभर उंच, आणि काठी कुठपर्यंत उचलतो ते वाजवून घेऊन मगच उंची ठरवा.

तुणतुण्याला माईक लागतोच. एका तारेचा बारीक आवाज, शेजारी संबळ, त्याच्यात ते बुडून जातं. पण तुणतुणेवाला हिंडत असतो, म्हणून त्याला एक जागा ठरवून द्या.

पेटीचा आवाज वरून, सुरांच्या पट्टीच्या बाजूनं घ्यावा. भात्याजवळ माईक ठेवला की हवेचा आणि खटखटीचा आवाज जास्त येतो. पेटीवाला स्वतः भजन म्हणत असेल तर एकच माईक तोंड आणि पेटी यांच्या मधी ठेवायची पद्धत गावोगाव आहे, पण त्यात तोंडही लांब पडतं अन् पेटीही, मग गेन (माईक किती ओढणार ते ठरवणारं बटण) वाढवायचा आणि शिट्टी ओढवून घ्यायची. दोन चॅनेल असतील तर दोन माईक द्या.

आणि कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो यांना आवाजासाठी माईक लागतच नाही. त्यांची वायर थेट येते. पी-३८ पिनची (कीबोर्डला लागते ती जाड पिन) लांबलचक वायर स्टेजवरून मिक्सरपर्यंत ओढली की हमिंग, म्हणजे घूं असा आवाज, येतं, जनरेटरवर तर जास्तच, म्हणून वाद्याजवळच डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज लांब नेण्याजोगा करणारी छोटी डबी) ठेवा आणि तिथून पुढं कॅननची (माईकला लागते ती तीन पिनांची) केबल न्या. हमिंग राहिलंच तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा, पण मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही, कधीच नाही, ओल्या मैदानात लोखंडी स्टेजवर ती पिनच माणसाचा जीव वाचवते. तर मग ऑक्टोपॅडवाल्यासमोर माईक दिसला तर समजायचं की तो पुढच्या कामांपैकी एका कामासाठी आहे.

दुसरं काम: झील

गोंधळात नायक ओळ म्हणतो आणि ओळीचं शेपूट झीलकरी उचलतात, तेच झीलकरी संबळ नाहीतर तुणतुणं वाजवत असतात. पोवाड्यात 'जी जी रं जी' म्हणणारे मागचेच. कीर्तनात धृपद टाळकरी धरतात. भीमगीतांच्या पार्टीत ढोलकीवाला मधीच दोन शब्द टाकतो अन् गाणं उठतं. म्हणजे आपण ज्यांना न गाणारे म्हणतो ते अर्धं गाणं गातच असतात, आणि त्यांचा आवाज नीट नाही आला तर मुख्य गायक एकटा पडतो, दमतो, बारा वाजेपर्यंत टिकायचा गळा दहालाच बसतो. मला तर वाटतं आपल्याकडच्या कार्यक्रमात मुख्य माईकपेक्षा झीलेच्या माईककडं जास्त लक्ष द्यायला पाहिजे.

कसं लावायचं ते बघा. शुअरचा एसएम-५८ किंवा तसलाच कुठलाही डायनॅमिक कार्डिऑइड चालतो, तो माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून स्टेजवर तोच दिसतो, यावरून काय ते समजा. कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, बरोबर मागचं सगळ्यात कमी ऐकणारा. म्हणून माईकची पाठ मॉनिटरकडं, म्हणजे स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडं तोंड करून ठेवलेल्या स्पीकरकडं. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याची बहिरी बाजू बरोबर मागं नसते, मागं थोडी दोन्ही अंगांना असते, तेव्हा मॉनिटर तिरका ठेवावा लागतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तो माईक हातात धरू शकत नाही, त्यामुळं बूम स्टँड पाहिजे, म्हणजे आडवा दांडा असलेला. दांडा वाद्याच्या वरून न आणता बाजूनं आणा. तोंड आणि माईक यांच्यात चार बोटं. झीलकरी लाजून फूटभर मागं सरकतात आणि मग आवाज येईना म्हणून ऑपरेटर गेन वाढवतो, त्या गेनमधून शेजारचा संबळ आत घुसतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, हे त्यांना आकड्यात सांगू नका, फक्त पुढं ओढून उभं करा.

टाळकरी सहा असतील तर सहा माईक लावू नका. दोघांत एक किंवा तिघांत एक पुरतो. दोन माईकमधलं अंतर, तोंड ते माईक जेवढं अंतर त्याच्या निदान तिप्पट ठेवा. तोंड १५ सेंटीमीटरवर असेल तर दुसरा माईक ४५ सेंटीमीटरच्या पुढं. याच्यापेक्षा जवळ आले की एकच आवाज दोन माईकमध्ये थोडा मागंपुढं शिरतो आणि पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा पोकळ होतो. झीलेच्या चॅनेलला लो-कट दाबा, १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मृदंगाची घुमार त्यातून येणार नाही. आवाज मुख्य गायकापेक्षा थोडा खाली, वेगळा ओळखू न यावा पण बंद केला की लगेच कळावा, एवढा.

तिसरं काम: आपसात बोलणं

हे बहुतेकांना माहीतच नसतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात ड्रमवाल्यासमोर किंवा कीबोर्डवाल्यासमोर जो माईक असतो तो पुष्कळदा पब्लिकसाठी नसतोच. त्यातून तो बाकीच्यांच्या कानातल्या इअरफोनवर बोलतो, 'कडवं परत', 'सूर अर्ध्यानं चढव', 'पुढचं गाणं बदललं', नाहीतर साउंडवाल्याला सांगतो की माझ्या मॉनिटरमध्ये पेटी वाढव. पायाखाली स्विच असतो, दाबल्यावरच बोलणं जातं. बाहेर काहीच ऐकू येत नाही म्हणून लोकांना वाटतं माईक शोभेचा आहे.

आपल्या साध्या मिक्सरवर पण हे जमतं. त्या चॅनेलचा ऑक्स (मेन स्पीकर सोडून दुसरीकडं आवाज पाठवायची वाट) प्री-फेडर करा, म्हणजे फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली असला तरी तिकडं आवाज जातो, ऑक्समधून मॉनिटरला किंवा हेडफोनला आवाज द्या, आणि त्या चॅनेलचा फेडर पूर्ण खाली. म्यूट दाबू नका, कारण काही मिक्सरवर म्यूट केलं की ऑक्सपण बंद होतो. मेनला पाठवायचं बटण वेगळं असेल तर तेच बंद करा, मग चुकून फेडर वर गेला तरी आपसातलं बोलणं गावाला ऐकू जाणार नाही. आणि त्या माईकवर लाल टेप लावून 'बोलायचा' असं लिहून ठेवा.

इअरफोन घातलेल्यांना पब्लिक ऐकू येत नाही ही दुसरी अडचण. टाळ्या, वन्समोअर, काहीच नाही. म्हणून स्टेजच्या कडेला पब्लिककडं तोंड करून एखाददोन माईक असतात, तेही फक्त कानात जातात, स्पीकरमध्ये नाही.

चौथं काम छोटं आहे पण आपल्याकडं रोजचं आहे, बक्षिसाची घोषणा. गाणं चालू असताना कुणीतरी नोट घेऊन येतो, नाव सांगतो, आणि ते नाव मुख्य गायकानं घ्यायचं म्हणलं तर गाणं तुटतं, म्हणून झीलकरी नाहीतर ढोलकीवाला दोन ओळींच्या मधी नाव पुकारतो. तोच माईक मुख्य गायकाच्या कॉर्डलेसची बॅटरी गेली तर कामाला येतो.

टीव्हीवर मात्र सगळं रेकॉर्ड केलेलं वाजत असलं तरी सगळ्यांपुढं माईक मांडलेले असू शकतात, तिथलं बघून आपला स्टेज मांडू नका.

आता बंद ठेवायचं काय

चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी जेवढी जागा शिल्लक असते ती साधारण ३ डेसिबलनं कमी होते. दोनाचे चार केले ३ गेले, चाराचे आठ केले आणखी ३ गेले. म्हणून ऑपरेटरजवळ गाण्यांची यादी पाहिजे, झील कुठं येते त्याची खूण पाहिजे, आणि बोट म्यूटवर पाहिजे. एका कडव्यापुरता माईक उघडायचा, बंद करायचा. कंटाळवाणं काम आहे पण चांगला साउंडवाला यातच ओळखू येतो. माईकची जाळी मुठीत धरणाऱ्याला पहिल्याच वेळी सांगा, जाळी झाकली की माईक सगळीकडचं ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी. उन्हाळ्यातल्या जत्रेत वारं सुटतं, फोमची टोपी प्रत्येक माईकला घाला.

चेक करताना आधी मृदंग नाहीतर ढोलकी, मग पेटी, मग मुख्य गायक, त्याच्यानंतर झील. शेवटी सगळे माईक मुद्दाम एकदम उघडा आणि सगळ्यांना एकदम वाजवायला लावा, शिट्टी येत असेल तर आत्ताच कळू द्या.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमातला भाग आहे, सरकार सूट देतं ती वर्षातल्या ठराविक दिवसांना आणि बारापर्यंतच. गोंधळ तर रात्रभर चालतो. तर स्पीकर बंद झाल्यावर कोण कुठं बसणार हे आधीच ठरवा, संबळ थोडा मागं घ्या, तुणतुणं आणि झीलकरी गायकाच्या खांद्याला खांदा लावून पुढं.

चार चॅनेलचाच मिक्सर असेल, गावाकडं बहुतेक तोच असतो, तर गोंधळाला असं करा: एक नायकाला, दुसरा दोन झीलकऱ्यांत मिळून, तिसरा तुणतुण्याला खालच्या बाजूनं. संबळाला काही लावू नका. चौथा माईक केबल जोडून, आवाज बघून, फेडर खाली करून नायकाच्या हाताशी स्टँडवर ठेवा, बक्षिसाची नावं त्याच्यावर पुकारा, आणि नायकाचा माईक गेला तर ओळ संपायच्या आत तोच वर करा.