मीटरमध्ये किल्लीचा दिवा लुकलुकतोय? बोनेट राहू दे, आधी दुसरी किल्ली शोधा

गाडी लॉक करून उभी असताना लाल दिवा लुकलुकत असेल तर काहीही करायचं नाही. पहारा चालू आहे एवढंच तो सांगतो आणि तेवढ्यानं रात्रीत बॅटरी उतरत नाही. किल्ली ऑन केल्यावरही मीटरमधलं किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं, तर मात्र लक्ष द्या. ते दोन-तीन सेकंदांत विझायला हवं. विझलं नाही म्हणजे इमोबिलायझरनं, म्हणजे किल्लीतली चिप ओळखून मगच इंजिन चालू देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेनं, किल्ली ओळखली नाही. मग बहुतेक गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा धरतं आणि लगेच बंद पडतं.

सेल्फ नुसताच टिकटिक करत असेल तर आधी बॅटरी बघा. उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करा, टर्मिनल घासून घट्ट करा.

आता फुकटचे सल्ले. गाडी बंद पडली की दोन मिनिटांत चार माणसं धक्का मारायला तयार होतात. आपल्या कोल्हापुरात तर पाचवा चहासुद्धा मागवतो. पण इमोबिलायझर इंजिनाचं इंधन किंवा ठिणगीच अडवून धरतो, त्यामुळं रंकाळ्याला फेरी मारली तरी गाडी सुरू होणार नाही. ‘बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेव’ हा दुसरा सल्ला. किल्लीचा कोड वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असतो, त्यामुळं पुसलं तर घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातात. इंटरनेटवर ‘किल्ली १० मिनिटं ऑन ठेवा, असं तीनदा करा’ असंही सापडतं. ती पद्धत जनरल मोटर्सच्या काही ठरावीक गाड्यांची आहे. आपल्या मारुती-ह्युंदाईत त्यानं अर्धा तास जातो आणि बॅटरी उतरते.

कपाटातली दुसरी किल्ली आणा. जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या, विशेषतः दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली, बाजूला काढा आणि एकटी किल्ली लावून बघा. गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत आहे.

इथंच मी महिनाभर फसलो होतो. किल्लीचं बटण फाटलं म्हणून एका टपरीवर नवं कव्हर घालून घेतलं. गाडी सुरू झाली, मी खूश. चार दिवसांनी गगनबावड्याच्या वाटेवर चहाला थांबलो आणि निघताना गाडी धरेना. दहा मिनिटांनी धरली. पुढं हे असंच चाललं, कधी सुरू तर कधी नाही. मी बॅटरी बदलली, फ्युएल पंप उतरवून बघितला. शेवटी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या वायरमननं किल्ली कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजत होतं. “पंप कशाला काढलासा?” एवढंच तो म्हणाला.

खुळखुळत होती ती चिप. काळ्या खड्यासारखी किंवा बारीक काचेच्या कॅप्सूलसारखी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्लीच्या भोकाभोवती तारेची एक रिंग असते, तिच्याकडून चिपला वीज मिळते आणि तिलाच चिप आपला कोड सांगते. रिंगचा पल्ला काही सेंटिमीटरच. चिप मागं घसरली की बोलणं बंद. म्हणून रिमोटचा सेल बदलून हा दोष जात नाही, आणि रिमोटनं दार उघडतं म्हणजे चिप ठीक आहे असंही नाही. स्वस्तात काढलेल्या बिनचिपच्या डुप्लिकेटनंसुद्धा दार उघडतं!

कव्हर पांढऱ्या कापडावर उघडा, चिप उडाली तर सापडेल. ती रिमोटच्या सर्किटवरच डकवलेली असेल तर तिच्या नादाला लागू नका. सुटी असेल तर पात्याच्या मुळाशी तिचा खाचा असतो, तिथंच बसवा आणि दुहेरी टेपचा बारीक तुकडा लावा. फेव्हिक्विक अजिबात नको; पुढच्या वेळी काढताना काच फुटते आणि मग नव्या चिपचा आणि प्रोग्रॅमिंगचा खर्च येतो. कव्हर दुकानात बदलत असाल तर समोर उभं राहा, चिप डोळ्यांनी बघा आणि जुनं कव्हर मागून घ्या. कित्येकदा चिप त्यातच राहते आणि सकाळी घंटागाडीत जाते.

बटणानं सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली थेट बटणाला टेकवून ते दाबा. किल्लीचा सेल संपला असला तरी बऱ्याच गाड्या अशा सुरू होतात. मग सेल बदला.

दोन्ही किल्ल्यांवर दिवा लुकलुकतोय? मग रिंग, तिची वायर किंवा इमोबिलायझरचं युनिट, विशेषतः गाडीत पाणी शिरून गेलं असेल तर. हे गॅरेजमधल्या, गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरशिवाय कळत नाही. तिथं जाताना आरसी आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या, कारण बऱ्याच गाड्यांत नव्यानं प्रोग्रॅमिंग केलं की त्या वेळी हजर नसलेल्या किल्ल्या बाद होतात.