दाढीची जाहिरात वाचायची कशी?

आधी अक्षरं हाताने झाका. स्वारगेटच्या बसथांब्यावर मी हेच करतो. लोक बघतात, बघू देत. नुसतं चित्र काय सांगतं? निळा-करडा रंग, पाण्याचे तुषार, टोकदार जबडा. म्हणजे थंडावा, धार, ताकद. क्रीम मात्र कोपऱ्यात!

मग चित्र झाकून शब्द वाचा. 'टर्बो', 'पॉवर', 'चार्ज': ही फेसवॉशची भाषा की मोटारसायकलची? (सदाशिव पेठेतल्या माझ्या सलूनच्या पाटीवर नुसतं 'दाढी-कटिंग' आहे.) पुरुषाला नटणं विकायचं, पण 'नटणं' म्हणायचं नाही.

शेवटी एकेक शब्द बदलून पाहा. जिलेटची 1989ची ओळ 'द बेस्ट अ मॅन कॅन गेट'. 2019च्या जाहिरातीत 'द बेस्ट मेन कॅन बी'. एकाचे अनेक झाले, 'मिळवणं' जाऊन 'असणं' आलं. विकायचं होतं ते रेझरच.