तुरुंगातल्या बाईचा कॅन्सरचा उपचार: तारीख बुडू नये म्हणून

भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या महिला तुरुंगातून रुग्णाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर आधी पोलीस बंदोबस्त मिळावा लागतो. डॉक्टरची चिठ्ठी तयार असते, पण गेटबाहेर न्यायला पोलिसांची कैदी पार्टी लागते. सण, मोर्चा, निवडणूक आली की ती पार्टी दुसरीकडे लागते आणि तारीख बुडते. उपचार बहुतेक वेळा इथेच तुटतो. म्हणून नातेवाईक, वकील आणि विधी स्वयंसेवक (विधी सेवा प्राधिकरणाकडून कायद्याच्या मदतीसाठी येणारे) यांनी पहिल्या दिवसापासून तारखांची वही ठेवावी: कुठली तारीख, नेलं की नाही, नेलं नाही तर कारण काय सांगितलं. पुढे कोर्टात हीच वही कामाला येते.

सुरुवात तक्रारीची नोंद होण्यापासून. तुरुंग अधिनियम १८९४ च्या कलम ३७ प्रमाणे आजारी दिसणाऱ्या किंवा डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या बंदीची (कैद्याची) माहिती विनाविलंब वर पोचवणं कर्मचाऱ्यांवर बंधनकारक आहे. तरी तोंडी सांगितलेलं हरवतं. अर्ज लेखी द्या. लिहिता येत नसेल तर विधी स्वयंसेवकाकडून लिहून घ्या.

डॉक्टरसमोर काय सांगायचं हे तुरुंगातल्या मुलाखतीत, म्हणजे भेटीच्या वेळी, तिला नीट समजावा. नुसतं ‘अंगावरून जातंय’ म्हटलं तर गोळ्या घेऊन परत यावं लागू शकतं. किती महिन्यांपासून, वास येतो का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, हे सगळं सांगायचं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर आलेलं रक्त थेंबभर असलं तरी तपासलंच पाहिजे. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून बायका गप्प बसतात, पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल आणि तोंडातली जखम ३ आठवड्यांत भरली नसेल, तर तेही सांगायचं.

त्रास नसलेल्यांसाठी तपासणी तुरुंगातच होऊ शकते. राष्ट्रीय कार्यक्रमात स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड यांची तपासणी ३० वर्षांपासून धरली आहे. गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी म्हणजे ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते बघणं. प्रयोगशाळा लागत नाही. टेबल, चांगला दिवा, निर्जंतुक स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीमार्गात घालायचं साधन), पडदा आणि प्रशिक्षित नर्स एवढ्यात काम होतं. अधीक्षकांकडे अशा शिबिराची मागणी करताना दोन गोष्टी लिहा: महिला शिपाई पडद्याबाहेर उभी राहील आणि डाग दिसलेल्या प्रत्येकीची पुढची तारीख त्याच दिवशी ठरेल. दुसरी गोष्ट राहिली तर शिबिराला काहीच अर्थ उरत नाही.

संशय आला की फेऱ्या वाचवणं महत्त्वाचं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्त आणि बायोप्सी एकाच दिवशी होईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. स्तनाच्या गाठीसाठी बारीक सुईच्या तपासणीऐवजी कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढणं) होऊ शकते का तेही विचारा; कुठलं औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या हार्मोन आणि हर-२ या चाचण्यांना तोच तुकडा लागतो. पुढे टाटासारख्या रुग्णालयात पाठवलं तर तिथे स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागतात. ते घरच्यांना मिळावेत म्हणून तिचं सहीचं संमतिपत्र तुरुंगामार्फत आधीच घेऊन ठेवा.

आता वेळापत्रक. गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कॅन्सरला साधारण २५ वेळा बाहेरून किरणोपचार, सोमवार ते शुक्रवार, त्यासोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि मग आतून किरणोपचार, असा क्रम असतो. हे सगळं ८ आठवड्यांत संपलं पाहिजे. लांबलं की आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. एवढ्या फेऱ्यांना रोज बंदोबस्त मिळेल यावर विसंबू नका. उपचार संपेपर्यंत दाखल करून घ्यावं, असं डॉक्टरांकडून लेखी मागा.

जामिनाचा अर्ज करताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये महिला आणि आजारी व्यक्ती यांचा वेगळा विचार आहे. पीएमएलएच्या (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ४५ मध्येही आहे. एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) कलम ३७ मध्ये तशी सवलत नाही, तिथे वैद्यकीय कागदांवर जास्त मेहनत घ्यावी लागते. शिक्षा झालेली असेल आणि अपील चालू असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती मागता येते.

कोर्ट तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल मागवतं आणि ‘प्रकृती स्थिर’ एवढं उत्तर आलं की अर्ज लटकतो. म्हणून अर्जातच नेमके प्रश्न घाला: निदान काय, टप्पा कुठला, किती तारखा ठरल्या, किती बुडाल्या, का बुडाल्या, हा उपचार तुरुंगाच्या दवाखान्यात होतो का. तात्पुरता जामीन मागताना मुदत उपचाराच्या वेळापत्रकावरून ठरवा; ८ आठवड्यांच्या उपचाराला २ आठवड्यांचा जामीन मिळाला तर मधेच परत जावं लागतं. आणि पर्यायी मागणी कधीही विसरू नका: जामीन नाकारला तर ठरलेल्या तारखांना बंदोबस्त द्यावा आणि नेल्याचा अहवाल कोर्टात सादर करावा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला आणि कोठडीतली व्यक्ती, दोघांनाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. न्यायाधीन बंदी असेल, म्हणजे खटला अजून संपला नसेल, तर तिचं नाव जिल्ह्याच्या आढावा समितीपुढे ठेवायलाही तिथेच सांगा.

केमोनंतर सगळ्यात मोठा धोका रात्रीचा. साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडी, आणि बराक तर संध्याकाळीच बंद होते. ‘ताप आल्यास सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे’ असं डॉक्टरांकडून मराठीत, शिक्क्यासह लिहून घ्या. एक प्रत तुरुंगाच्या दवाखान्यात, एक रात्रपाळीच्या शिपाई बाईंकडे, एक तिच्याजवळ. थर्मामीटर बराकीत हवा. पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नये, हेही त्याच कागदावर लिहा.

रुग्णालयात बेड्या घालून खाटेला बांधलं असेल तर लगेच हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आसामच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय असं करायला मनाई केली आहे. परवानगीचा आदेश दाखवा, असं वकिलामार्फत लेखी विचारा.

जामीन मिळाला की सुटकेच्या धावपळीत कागद तुरुंगातच राहतात आणि पुढचा केमो चुकतो. सुटकेच्या दिवशी केस पेपरच्या प्रती, झालेल्या केमोची नोंद, आठवड्याभराची औषधं आणि पुढची तारीख हातात घेऊनच गेटबाहेर पडा. दवाखान्यातल्या नोंदीवर पत्ता आणि फोन तुरुंगाचा असतो, तो पुढच्या भेटीतच बदलून घ्या.