इंडिकेटरवरचा एफ न वाचता चढलेली नऊ तिकिटं

लिनिअर या टीमची कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं स्टेटस, म्हणजे काम कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारा कप्पा, कसं बनवायचं हे इथे सांगत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन प्लस दाबणं तुम्हाला येतं. तेच काम एआयकडून करून घेताना मी कुठे आपटले, ते सांगते.

विद्याविहारच्या एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून लागून मला चार महिने झाले होते. लिनिअरचा बोर्ड, म्हणजे सगळी कामं स्टेटसप्रमाणे मांडलेला फलक, सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि "तुला एआय छान जमतं ना, बघ जरा" एवढ्या वाक्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. असं कौतुक कानावर आलं की सावध व्हा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आम्हाला शिकवायला वेळ नाही' एवढाच असतो.

मागणी साधी होती. टेस्टिंग झालेली, पण क्लायंटने अजून हो न म्हटलेली कामं बोर्डावर वेगळी दिसायला हवी होती. मी एआयला लिहिलं, "आमच्या टीमसाठी 'क्यूए पास' नावाचं स्टेटस एपीआयमधून तयार करायची स्क्रिप्ट दे." (क्यूए म्हणजे टेस्टिंग, एपीआय म्हणजे स्क्रिप्टने लिनिअरला थेट हुकूम द्यायची वाट.) स्क्रिप्ट अर्ध्या मिनिटात आली. त्यात चारच गोष्टी होत्या: नाव, टाइप, रंग, टीमचा आयडी. नावाचं स्पेलिंग मी दोनदा तपासलं. हिरवा रंग बदलून पोपटी केला. आयडी जुळवून पाहिला. टाइपसमोर 'कम्प्लीटेड' होतं. ते मी वाचलंसुद्धा! पास झालं म्हणजे कम्प्लीट, असं मनात म्हणून स्क्रिप्ट चालवली आणि नऊ तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, त्या स्टेटसमध्ये टाकली.

खड्डा इथेच आहे, म्हणून थोडं पाल्हाळ लावते.

डोंबिवलीहून मी रोज स्लो पकडते, कारण फास्ट विद्याविहारला थांबत नाही. इंडिकेटरवर दोन्ही गाड्यांपुढे सीएसएमटीच लिहिलेलं असतं. फरक एका अक्षराचा, एफ की एस. स्टेटसचं नाव म्हणजे ते सीएसएमटी, माणसांना वाचण्यापुरतं. गाडी कुठे थांबणार हे टाइप ठरवतो. लिनिअरमध्ये मुख्य प्रकार पाच: बॅकलॉग, अनस्टार्टेड, स्टार्टेड, कम्प्लीटेड, कॅन्सल्ड. तुम्ही स्टेटसला 'क्यूए पास' म्हणा, 'क्लायंटची वाट' म्हणा नाहीतर 'गणपती बाप्पा' म्हणा, सॉफ्टवेअर नाव वाचतच नाही. सायकल, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, संपली की अपुरी तिकिटं आपोआप पुढच्या सायकलमध्ये जातात आणि कम्प्लीटेड असलेली मागेच राहतात. हातातली कामं दाखवणाऱ्या ॲक्टिव्ह व्ह्यूमध्ये अनस्टार्टेड आणि स्टार्टेड तेवढी दिसतात. म्हणजे माझी नऊ तिकिटं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, ती सोमवारी सकाळी कुणाच्याच समोर नव्हती. वर सायकलचा आलेख इतका छान चढला की मीटिंगमध्ये माझं अभिनंदन झालं.

बुधवारी क्लायंटचा फोन आला, "पेमेंट पेजचं काय झालं?" टीम लीडने तिकीट शोधून उघडलं, माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कम्प्लीटेडमध्ये कुणी टाकलं?" मी "एआयने" म्हणाले. ते उत्तर आठवलं की अजून कान गरम होतात. एआयने शब्दावरून अंदाज बांधला हे खरं, पण एंटर मी दाबलं होतं.

दुरुस्तीला मात्र वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्टार्टेड टाइपचं नवं स्टेटस बनवलं, नऊही तिकिटं त्यात हलवली, चालू सायकलमध्ये हाताने घातली आणि जुनं स्टेटस काढून टाकलं. नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही, एवढं घाबरू नका.

आता मी एआयकडे जायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारते. तिकीट या स्टेटसमध्ये असताना सायकल संपली, तर सोमवारी ते कुणाला दिसायला हवं का? कुणालाही दिसायला हवं असेल, तर ते कम्प्लीटेड नाही. मग टाइप मी स्वतः प्रॉम्प्टमध्ये लिहून देते. आधीची सगळी स्टेटस टाइपसकट दाखवायला सांगते, नाहीतर 'क्यूए पास'च्या शेजारी 'क्यूए पास्ड' उभं राहतं. बदल आधी शब्दांत मांडून घेते, होकार दिल्यावरच स्क्रिप्ट घेते. नंतर एक खोटं तिकीट त्यातून फिरवून बघते. आणि एपीआय की, म्हणजे एपीआयची गुप्त किल्ली, चॅटमध्ये कधीही चिकटवू नका. अजिबात नाही. स्क्रिप्टमध्ये तिची जागा रिकामी ठेवायला सांगा, आपल्या मशीनवर भरा.

जिरा हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हसू नये. तिथे प्रकार तीनच आहेत, टू डू, इन प्रोग्रेस आणि डन, पण घोळ वेगळा. एपीआयने स्टेटस बनवलं तरी ते वर्कफ्लोमध्ये, म्हणजे टप्प्यांच्या साखळीत, घालून बोर्डाच्या कॉलमला जोडेपर्यंत बोर्डावर येत नाही. त्यात कंपनी-मॅनेज्ड, म्हणजे ॲडमिनच्या ताब्यातल्या, प्रोजेक्टमधली स्टेटस सामाईक असतात. तुम्ही आपल्यापुरतं नाव बदलायला जाता आणि शेजारच्या टीमच्या बोर्डावरही ते बदलतं. तिथे ॲडमिनची परवानगी हातात आली असेल तर एआयला ती लगेच वापरू देऊ नका.

'दहा मिनिटांत वर्कफ्लो' छाप व्हिडिओ मी तेव्हा तीन पाहिले होते. टाइपवर एकही थांबला नाही. त्यापेक्षा आमची टीम लीड बरी. तिने मला एकदाही तयार उत्तर दिलं नाही, त्याचा तेव्हा रागही यायचा. त्या बुधवारी तिने फक्त सेटिंग्जचं पान उघडून लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि चहा आणायला निघून गेली. पानावर स्टेटस प्रकारांप्रमाणे गटागटाने मांडलेली होती, आणि माझं पोपटी 'क्यूए पास' सरळ कम्प्लीटेडच्या गटात 'डन'च्या खाली बसलं होतं.