सी प्रोग्रॅममध्ये तात्पुरती फाइल तयार करताना या चुका टाळा

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सी प्रोग्रॅमिंगचे प्रात्यक्षिक घेत असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझा प्रोग्रॅम घरी नीट चालतो, इथे मात्र सेगमेंटेशन फॉल्ट येतो.” सगळ्या बॅचसाठी एकच लिनक्स सर्व्हर होता. प्रत्येकाने प्रात्यक्षिकाच्या वहीतली तीच ओळ उतरवून घेतली होती आणि त्या ओळीत मधल्या निकालाची फाइल टीएमपी या सर्वांना लिहिता येणाऱ्या सामाईक डिरेक्टरीत ‘आउटपुट’ या एकाच नावाने उघडली जात होती. ज्याने प्रोग्रॅम सर्वांत आधी चालवला, त्याच्या मालकीची फाइल तयार झाली. बाकी सर्वांना फाइल उघडणाऱ्या एफओपनने नल, म्हणजे कशाकडेही न नेणारा पॉइंटर, परत दिला, तो कोणीच तपासला नाही आणि पुढच्या ओळीतल्या, फाइलमध्ये लिहिणाऱ्या एफप्रिंटएफने तोच नल वापरल्यामुळे प्रोग्रॅम कोसळला.

त्या दिवशी चूक लगेच दिसली, हे बरे झाले. हीच चूक न कोसळताही घडू शकते आणि तेव्हा ती जास्त घातक असते. नाव सर्वांना आधीच ठाऊक असेल, तर दुसरा वापरकर्ता त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, टीएमपीमध्ये अगोदर करून ठेवू शकतो आणि ती लिंक तुमच्याच होम डिरेक्टरीतल्या एखाद्या महत्त्वाच्या फाइलकडे वळवू शकतो. मग तुमचा प्रोग्रॅम तुमच्याच अधिकाराने ती फाइल उघडतो आणि लिहिण्यासाठीच्या ‘डब्ल्यू’ मोडमुळे आतला मजकूर पुसून टाकतो. प्रोग्रॅम रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालत असेल, तर नुकसान एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पापुरते राहत नाही.

अनेकांना वाटते की टीएमपीला स्टिकी बिट असल्यामुळे, म्हणजे तिचे परवाने 1777 असल्यामुळे, हा धोका उरत नाही. स्टिकी बिट एवढेच करतो की दुसऱ्याच्या मालकीची फाइल तुम्हाला पुसता किंवा तिचे नाव बदलता येत नाही. नवे नाव तयार करायला तो कोणालाही अडवत नाही. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, 3.6 या आवृत्तीपासून (2012) अशा डिरेक्टऱ्यांमधल्या परक्या सिम्बॉलिक लिंकमागे जाण्यास मनाई करणारी व्यवस्था आहे, परंतु ती एका सेटिंगवर अवलंबून आहे. आपला प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालेल तिथे ते सेटिंग चालू असेलच, असे धरून चालू नये.

नावात प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रॅमला सिस्टिमने दिलेला क्रमांक, जोडणे हा पुष्कळांना सुचणारा उपाय आहे, पण तो पुरेसा नाही. हे क्रमांक बहुधा ओळीने दिले जातात, पीएस ही आज्ञा चालवून ते कोणालाही पाहता येतात आणि अनेक यंत्रांवर त्यांची कमाल मर्यादा 32,768 इतकीच असते. तेवढ्या लिंका आधीच करून ठेवणे स्क्रिप्टला काही क्षणांचे काम आहे.

नाव विचारणे आणि फाइल तयार करणे वेगळे ठेवू नका

टीएमपीनॅम, टेम्पनॅम आणि एमकेटेम्प ही तिन्ही फंक्शने सध्या वापरात नसलेले एक नाव शोधून देतात. फाइल तयार करत नाहीत. चूक नेमकी इथे होते. स्वारगेटला एसटी लागल्यावर खिडकीतून एक जागा रिकामी दिसली, म्हणून आपण दाराकडे वळून आत चढेपर्यंत ती रिकामी राहील, असे कोणी मानत नाही. नाव मिळण्याच्या क्षणी ते मोकळे होते, एवढेच टीएमपीनॅम सांगते. फाइल उघडली जाईपर्यंतच्या फटीत काय घडेल, यावर तिचा ताबा नसतो. प्रोग्रॅमचे भाग जोडणारा जीएनयू लिंकर या फंक्शनांचा वापर धोकादायक असल्याची सूचना स्वतः देतो आणि पॉझिक्स या युनिक्स प्रमाणकाच्या 2008 च्या आवृत्तीतून एमकेटेम्प वगळले गेले आहे. तरीही ही सूचना दुर्लक्षित राहते, कारण ती चूक म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून छापली जाते.

ओपन या सिस्टिम कॉलला, म्हणजे कर्नलकडे केल्या जाणाऱ्या विनंतीला, ओ_क्रिएट आणि ओ_एक्सक्ल हे दोन्ही फ्लॅग एकत्र दिले, तर नाव मोकळे असल्याची खात्री आणि फाइलची निर्मिती कर्नल एकाच कृतीत करतो. ते नाव आधीपासून असेल, मग ती निव्वळ सिम्बॉलिक लिंक का असेना, तर कॉल अयशस्वी होतो. एमकेएसटेम्प हेच काम करते. तुम्ही दिलेल्या नमुन्याच्या शेवटचे सहा मोठे एक्स बदलून ते नाव घडवते, फाइल 0600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा, परवान्याने उघडते, नाव अडले तर दुसरे घेऊन पाहते आणि शेवटी डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक, हाती देते. अक्षरे व अंक मिळून 62 चिन्हे आणि सहा जागा, म्हणजे जवळपास 5,680 कोटी नावे होतात. ती सगळी अडवून ठेवणे शक्य नाही.

एमकेएसटेम्प वापरूनही होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे नमुना थेट स्ट्रिंग लिटरल म्हणून, म्हणजे कॉलमध्येच अवतरणचिन्हांत लिहून, देणे. फंक्शन तो नमुना जागच्या जागी बदलते आणि लिटरल सहसा केवळ वाचता येणाऱ्या मेमरीत असते, म्हणून प्रोग्रॅम कोसळतो. नमुना कॅरेक्टर ॲरेमध्ये ठेवावा. तोच ॲरे लूपमध्ये पुन्हा दिला, तर पहिली फाइल तयार होते आणि दुसऱ्या फेरीत ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ ही चूक येते, कारण पहिल्या फेरीतच एक्सच्या जागी दुसरी अक्षरे आलेली असतात. प्रत्येक फेरीत नमुना नव्याने भरावा. अपयश तपासताना तुलना उणे एकशी करावी. शून्य हा वैध डिस्क्रिप्टर आहे.

यापेक्षा गंभीर चूक अशी, की एमकेएसटेम्पने दिलेला डिस्क्रिप्टर बंद करून तीच फाइल नावाने पुन्हा एफओपनने उघडली जाते. कारण विचारले तर एफप्रिंटएफ वापरायचे होते, असे उत्तर मिळते. असे केल्याने जी फट बुजवली होती, तीच पुन्हा उघडते. त्यासाठी एफडीओपन आहे: ते त्याच डिस्क्रिप्टरभोवती एफप्रिंटएफला लागणारी स्ट्रीम बांधून देते आणि पुढे एफक्लोज केले की डिस्क्रिप्टरही बंद होतो, त्यामुळे क्लोज वेगळे करू नये. परवाने बदलायचे असतील तर एफचमॉड आणि माहिती हवी असेल तर एफस्टॅट वापरावे. माझा आग्रह असा आहे की फाइल एकदा उघडली की शक्य तिथे नाव विसरून फक्त डिस्क्रिप्टरवर काम करावे, कारण नावामागची वस्तू बदलू शकते, डिस्क्रिप्टरमागची नाही.

फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला नावाने द्यायची नसेल, तर उघडताक्षणीच अनलिंक करावे. नाव जाते, मजकूर डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत राहतो आणि प्रोग्रॅम कसाही संपला तरी मागे कचरा उरत नाही. प्रोग्रॅम संपताना चालणाऱ्या ॲटएक्झिटमध्ये लिहिलेली सफाई सिग्नलने प्रोग्रॅम मारला गेल्यास चालत नाही. मात्र अशा अनामिक फाइली फार मोठ्या झाल्या, तर डीएफ ही आज्ञा डिस्क भरल्याचे दाखवते आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूला ती जागा सापडत नाही. त्या वेळी उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफच्या यादीत ‘डिलीटेड’ अशी खूण असलेल्या ओळी शोधाव्यात. नावाने ओळखाव्या लागणाऱ्या अनेक फाइली हव्या असतील, तर एमकेडीटेम्पने 0700 परवान्याची स्वतःची डिरेक्टरी करून त्या तिच्यात ठेवणे सोयीचे आणि सुरक्षित आहे.

‘टीएमपीत फाइल नीट लिहिली, पण रीनेम होत नाही’ ही तक्रारही वारंवार येते. रीनेम एकाच फाइल सिस्टिममध्ये चालते आणि टीएमपी पुष्कळदा वेगळी, बरेचदा मेमरीतलीच, फाइल सिस्टिम असते. जुन्या फाइलच्या जागी नवी आणायची असेल, तर तात्पुरती फाइल मूळ फाइलच्याच डिरेक्टरीत तयार करावी, एफसिंकने मजकूर डिस्कवर उतरवावा आणि मगच रीनेम करावे. त्याआधी एफचमॉडने परवाने मूळ फाइलसारखे करणे विसरू नये. नाहीतर कालपर्यंत सर्वांना वाचता येणारी कॉन्फिगरेशन फाइल 0600 होऊन बसते आणि दुसऱ्या खात्याखाली चालणारी सेवा दुसऱ्या दिवशी सुरूच होत नाही.

प्रोग्रॅम पुढे फोर्क आणि एक्झेक करून दुसरा प्रोग्रॅम सुरू करत असेल, तर उघडा डिस्क्रिप्टर त्या नव्या प्रोग्रॅमकडेही जातो. तो अडवायला एमकेएसटेम्पच्या जागी एमकेओएसटेम्प वापरून त्याला ओ_क्लोएक्झेक फ्लॅग द्यावा.

बदल लागू झाला की नाही, हे पाहायला प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारे एसट्रेस पुरेसे आहे. त्या विद्यार्थिनीने ॲरेत नमुना ठेवला, एफओपनच्या जागी एमकेएसटेम्प आणि एफडीओपन आणले, दोन्हींचे परतीचे मूल्य तपासले, फाइल उघडताच अनलिंक केले आणि एसट्रेस चालवले. ओपनॲट या ओपनच्याच रूपाच्या ओळीत ओ_क्रिएट, ओ_एक्सक्ल आणि 0600 हे तिघे एकत्र दिसले, त्याखाली अनलिंक दिसला आणि शेजारच्या यंत्रावरच्या मुलानेही त्याच वेळी तोच प्रोग्रॅम चालवून पाहिला; दोघांचेही निकाल बरोबर आले.