गिटारवर सोलो सुचत नाही? आधी या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडं गिटार शिकणाऱ्या बऱ्याच मुलांची गाडी एकाच ठिकाणी अडते. कॉर्ड येतात, गाण्याला साथ जमते, ए मायनर पेंटाटॉनिकचा, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलचा, ५व्या फ्रेटवरचा (मानेवरच्या पट्टीवरचा) बॉक्सही पाठ असतो. पण "आता सोलो, म्हणजे तुझ्या मनानं चाल वाजव" म्हटलं की बोटं नुसती वर-खाली पळत सुटतात. स्वर सगळे बरोबर, तरी ऐकणाऱ्याच्या मनात एकही ओळ राहत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच: बोटं आधी, कान नंतर. बॉक्स फक्त स्वरांच्या जागा दाखवतो, चाल तुम्हालाच बांधावी लागते. त्यातले पाच स्वर म्हणजे आपल्या धानी रागाचे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. गवई तेवढ्यावर मैफल रंगवतो, कारण कुठं थांबायचं ते त्याला ठाऊक असतं. म्हणून बॅकिंग ट्रॅक (नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग) लावा, पण लगेच वाजवू नका. एक छोटी ओळ गुणगुणा आणि तीच तारेवर शोधा. वेळ लागेल, लागू द्या. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी ऐकली असतील तर आठवून पाहा: काही बायका ओळ म्हणतात, बाकीच्या ती उचलतात. सोलोतही एक ओळ वाजवून थांबा, मग तिला उत्तर द्या. सलग वाजवत राहिलात तर ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

दुसरी चूक म्हणजे खाली कॉर्ड बदलतेय याकडं लक्षच नसणं. ए मायनर, एफ, सी, जी असा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कॉर्डचा क्रम, घ्या. प्रत्येक कॉर्डला एकच स्वर वाजवायचा, तोही नेमका पहिल्या ठोक्यावर. तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या: ए मायनरला तिसऱ्या तारेचा ५वा फ्रेट, एफला चौथ्या तारेचा ७वा, सीला दुसऱ्या तारेचा ५वा आणि जीला तिसऱ्या तारेचा ४था. हे त्या त्या कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलेले तिसरे स्वर आहेत; कॉर्ड मेजर की मायनर, ते यांच्यावरच ठरतं. शेवटचा स्वर, म्हणजे बी, पेंटाटॉनिकमध्ये नाही. 'चुकीचा' समजून मुलं तो टाळतात आणि जी कॉर्डचा सगळा गोडवा तिथंच हातचा जातो. लूप फिरत असताना हे चार स्वर न अडखळता लागू लागले, की एकाकडून दुसऱ्याकडं जाताना मधले स्वर घ्या. सोलोची खरी सुरुवात इथून होते, असं माझं ठाम मत आहे.

बेंडिंग, म्हणजे तार ओढून स्वर चढवणं, बेसूर होणं ही तर घरोघरची तक्रार. तिसऱ्या तारेचा ७वा फ्रेट ओढून जो स्वर गाठायचा, तोच दुसऱ्या तारेच्या ५व्या फ्रेटवर तयार मिळतो. आधी तो वाजवून कानात बसवा, मग तार ओढा. अनामिकेला मागून मधल्या बोटाचा आणि तर्जनीचा आधार द्या, जोर मनगटाचा लावा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर तिसरी तार बहुधा जाड, वेटोळ्याची असते आणि तेवढी ओढली जात नाही. तिथं त्याच तारेवर सरळ ९व्या फ्रेटपर्यंत स्लाइड करा, म्हणजे बोट न उचलता घसरवत न्या.

वेगाची घाई नको. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून जे स्वच्छ वाजत नाही, ते १२०वर फक्त लपतं.

आणि आपल्या भागापुरतं एक. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास जातो. उन्हातून आणलेल्या गिटारच्या तारा तापून उतरलेल्या असतात. पंख्याखाली आल्यावर त्या पुन्हा चढतात. आल्या आल्या सूर लावला तर पंधरा मिनिटांत तो पुन्हा हलतो आणि मुलाला वाटतं, आपलंच बोट चुकतंय. गिटार आधी खोलीत निवू द्या, मग ट्यूनर लावा. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तर ती ठेवूच नका. उष्णतेनं ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीचा, गोंद सुटतो.